सुईवरची मैना

शालिकराम : ...आन् म्हैस आली बरोब्बर नऊवर!

धोंडबा : म्हैस.

शालिकराम : म्हैसच तं सांगून राहिलो. बाजूच्या नीतूच्या घरी दूध टाकते ना, त्याची. तेव्हा आपली डिश गच्चीवर चढवली नव्हती, इथंच आंगनात तिवईवर होती. म्हैस आली, डिशच्या पुढ्यात उभी राहिली, आन् मीटरची सुई अशी उठली का मले वाटलं सूर्यच आंगनात उतरला. बारा मिन्टं हालली नाही. म्हैस बी नाही, सुई बी नाही. मंग म्हशीनं शेपूट फिरवलं. सुई थरथरली. शेपटाचा अर्धा पॉइंट अलग.

धोंडबा : शालिक, मी बोरसीहून एवढ्या उन्हात तुह्या म्हशीचं शेपूट मोजाले नाही आलो.

शालिकराम : हळू बोल बे. पूरं स्मृति नगर आयकून राहिलं.

धोंडबा : छत्तीस वर्षं चालत्या इंजिनाच्या बाजूले उभं राहून बोललो. मले हळू बोलता येत नाही.

शालिकराम : येत होतं. मैना पुढ्यात आली का येत होतं. 'भाऊजी, हळू बोला, टुरी झोपली हाय,' म्हने, आन् तू लागे कुजबुजाले. टुरीचं लगन झालं, दोन लेकरायची माय झाली, तरी मैना दिसली का तुही कुजबुज चालू.

धोंडबा : सवय लागली होती. त्या टुरीनंच पाठवलं मले.

शालिकराम : दामिनीनं? मालूम हाय. आज संध्याकाळी येऊन राहिली. उद्या सकाळच्या गाडीनं मले नागपूरले नेते, लोणच्याची बरणी नेल्यावानी, फडक्यात बांधून.

धोंडबा : मंग बॅग कुठं हाय?

शालिकराम : कोन्ती बॅग?

धोंडबा : तेच म्हनतो मी. फोनवर रडत होती बिचारी. 'काका, बाबा संक्रांतीले जिन्यावरून पडले ते मले चार दिवसानं मालूम झालं, ते बी नीतूकडून.' डॉक्टरनं साफ सांगतलं का एकट्यानं राहायचं नाही. आन् तू दोन वाजले का जेवनाचं ताट सरकवून या मीटरपुढं बसते. मागच्या हप्त्यात इथंच चक्कर येऊन पडला. खोटं हाय?

शालिकराम : पडलो नाही. लेटलो होतो.

धोंडबा : चष्म्यावर?

शालिकराम : चष्मा खाली होता त्याले मी काय करू! आयक, धोंडबा. नागपूर चांगलं, दामिनी चांगली, जावई बी ठीकच हाय. पन मैना रोज गच्चीवर येते. तिले इथं सोडून मी कसा जाऊ?

धोंडबा : बापा रे. मी दर रविवारी विहारात उभा राहून लोकायले सांगतो का भूतबित काही नसते. आन् माह्याच दोस्ताच्या घरी—

शालिकराम : मी भूत म्हनलं का? मी सुई म्हनलं. मीटर तुह्याच डब्यातला हाय. टीव्हीची डिश कबाड्याकडची, तिवईची वेल्डिंग माही, वायर तू जोडली. आपन दोघायनं बनवलेली दुर्बीण हाय हे. भूत असन तं अर्धं तुहं.

धोंडबा : तुले सूर्य आयकायचा होता म्हनून बनवली होती. बायको आयकाले नाही.

शालिकराम : एकतीस वर्षं प्लांटच्या भट्टीत डोकावलो, निळ्या काचेतून. लोखंड किती तापलं ते मी मिशीनं सांगो. डावं टोक वळलं तं चौदाशे, उजवं वळलं तं पंधराशे, दोन्ही वळले तं पळा. साहेब लोकं आपलं यंत्र माह्या मिशीशी मिळवून घेत.

धोंडबा : मिशी तू रिटायर झाल्यावर ठेवली.

शालिकराम : ...ते दुसरी. पहिली जळली. मुद्दा तो नाही. रिटायर झालो, डोयात मोतीबिंदू आला. म्हनलं, सगळ्यात मोठी भट्टी तं आभाळात हाय, ते पाहाची राहूनच गेली. डोये नाही तं नाही, डिशनं पाहू. तापली ते हरेक चीज बोलते, धोंडबा. लोखंड उजेडानं बोलते, तुहं-माहं आंग बिनउजेडाचं बोलते. डिशले ते आयकू येते, सुई सांगते. यात भूत कुठं हाय? मानूस उभा राहिला का सुई उठते. तूच पाह्यलं.

धोंडबा : पाह्यलं. आन् एक डाव तू डिश प्लांटकडं वळवली तं सुई मीटर तोडून बाहेर आली, आन् खाली वहिनीच्या कढईत भजे आपोआप तळल्या गेले, हे बी तूच साऱ्या मोहल्ल्यात सांगतलं. मी होतो त्या दिवशी. भजे वहिनीनं गॅसवर तळले.

शालिकराम : तू उशिरा आला होता. पहिला घाना डिशनंच तळला.

धोंडबा : म्हनूनच कोनी मानत नाही तुहं. इतक्या थापा मारल्या का आता खरं बोलला तरी लोकं चहा मागतात आन् म्हनतात, पुढं काय झालं, शालिकभाऊ.

शालिकराम : मालूम हाय. माह्या तोंडचं कोनी मानत नाही. आजकाल मी बी नाही मानत. म्हनून तं तुले बसवून राहिलो इथं. हे पाह्य, मीटरवर. हा लाल ठिपका.

धोंडबा : हज्जार डाव पाह्यला.

शालिकराम : आज डाव एक हजार एक. रिकामं आभाळ दाखवलं तं सुई एकवर. सूर्य पुढ्यातून गेला तं दहावर. पन मधात एक ओळखीचं निशाण पाहिजे ना? भट्टीच्या यंत्राले बी रोज एक मालूम असलेली गर्मी दाखवा लागे, नाही तं ते बहकून जाये. मी मैनाले म्हनलं, तू उभी राह्य डिशपुढं.

धोंडबा : आन् वहिनीनं दोघायलेबी धुतलं. 'सूर्यानंतर माहाच नंबर का? घरात दुसरी भट्टी नाही?'

शालिकराम : धुतलं, पन राहिली उभी. रोज दोन वीसले. कारन त्या टाइमाले ते तशी बी वर जाये. पहिली पाळी दोनले सुटे, दोन वीसले माही लूना कोपऱ्यावर वळे. ते वरून लूना पाहे आन् मंग खाली येऊन तव्यावर भाकर टाके. मी रिटायर झालो, लूना इकली, तरी जाये. मी इथं, या खुर्चीवर बसलो राहो, आन् हे बाई वर जाऊन माहा रस्ता पाहून ये. म्हनलं, पाहतच हायेस तं डिशपुढं उभी राहून पाह्य. सुई रोज साडेसहावर. ताप होता त्या दिवशी पावनेसातवर. दामिनीची नखपॉलिश पडली होती घरात, मैनानंच हा ठिपका लावला. 'हे मी,' म्हने. 'आता चुकू नको.'

धोंडबा : मले सांगू नको. मालूम हाय मले.

शालिकराम : तू उभा राहिला तं पाच. वाळकुंडा मानूस. नीतू आठ. ज्याचा त्याचा आपला नंबर, आंगठ्याच्या ठशावानी. आन् मैना दिवाळीत गेली. तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज, दोन वीसले सुई या ठिपक्यावर येते. चार मिन्टं राहते. मंग खाली. फागुन आला, मागचा रविवार सोडला तं एक दिवस चुकली नाही.

धोंडबा : मशीनीत काही खराबी असन. सूर्य नाही, तो बाराले पुढून निघून जाते. लाइनीचा धक्का म्हनलं तं तो बी नाही, मी मागच्या रविवारी बॅटरीवर चालवून पाह्यलं. पूरी वायर बदलली. नीतूले पान्याचा पंप बंद ठेवाले लावला.

शालिकराम : मंग? रविवारी तं तू म्हने सुई आली नाही. मी चष्मा शोधाले आतमधी गेलो होतो, वापस आलो तं मीटरवर तुहा रुमाल होता. तू म्हने, आज काही नाही, चाल चहा पिऊ.

धोंडबा : आली होती. साडेसहावर. मीच रुमाल टाकला.

शालिकराम : अबे! कावून?

धोंडबा : तुह्याच भल्यासाठी. आन् मले बी पाहवत नव्हतं. आता आयक माहं. मी सिग्नलचा मानूस हो. रेल्वेचं यंत्र बिघडलं तं कोन्त्या बाजूनं बिघडते, सांग. वायर निघाली, बॅटरी मेली, रूळ तुटला, काही बी झालं तं ते लाल होते. म्हनते, लाइनीवर गाडी हाय. गाडी नसन तरी 'हाय' म्हनते. पन गाडी असून 'नाही' म्हनन, असं आमी ते कधी बनवतच नाही. तुही सुई तशीच बिघडली. रिकाम्या जागेले भरली म्हनून राहिली.

शालिकराम : बरं. आन् असं लाल लागलं तं तुमी काय करा? मानून घ्या का यंत्र बिघडलं?

धोंडबा : मानून कसं घेन? मानूस पाठवा लागे. पायदळ. ऊन असो, पानी असो, सीधा त्या जागेवर जायचं, आपल्या डोयानं पाहायचं, आन् मंगच फोनवर सांगायचं, लाइन क्लिअर.

शालिकराम : आन् तोवर?

धोंडबा : तोवर गाडी हालत नाही.

शालिकराम : छत्तीस वर्षांत तू कधी न पाहता क्लिअर देला?

धोंडबा : नाही.

शालिकराम : पाहून खोटा देला?

धोंडबा : मजाक नको करू, शालिक. माह्या एका शब्दावर हजार-हजार मानसं गाडीत झोपून राहत. लेकरंबाळं. खोटा क्लिअर देला असता तं मले आज झोप आली असती?

शालिकराम : मंग जा वर. दोन वाजून नऊ झाले. दुर्बीण दोघायची हाय, पन तुह्यातला मानूस आजवर दोन वीसले पायदळ गेला नाही पाहाले. रुमाल टाकून बसला.

धोंडबा : तू कावून नाही गेला?

शालिकराम : गेलो होतो ना. संक्रांतीले.

धोंडबा : तेव्हा पडला तू?

शालिकराम : सोळा पायऱ्या हायेत. मी बाराव्यावर होतो. वरचं ऊन दिसून राहिलं होतं, दरवाजा उघडाच. आन् मले भेव वाटलं, धोंडबा. तिचं नाही. वर कोनी नसन तं? त्याचं. तिथंच पाय सटकला.

धोंडबा : हे दामिनीले सांगतलं?

शालिकराम : तिले सांगतलं का मांजर आडवं गेलं. मांजर मोठं केलं जरासं, बिबट्याएवढं, मंग ते हासली. आता माहं आयक. तू वर जाऊन पाह्य. तू म्हनला 'क्लिअर', तं मी आत्ता बॅग भरतो. दामिनी येईन तवा मी दरवाजात तयार. मीटर तू ने, डिश कबाड्याले दे. आन् तू म्हनला 'भरली हाय', तं मी हालत नाही. मंग टुरी रडली तरी नाही. फरशीवर लेटून मेलो तरी नाही. तुह्या एका शब्दावर.

धोंडबा : मी दामिनीले शब्द देऊन बसलो हो.

शालिकराम : कोन्ता?

धोंडबा : का उद्या तुले गाडीत बसवतो.

शालिकराम : मंग तं तुह्यासाठी सोपंच हाय. वर जा, पाह्य का नको पाहू, 'क्लिअर' बोल, खाली ये.

धोंडबा : सोपं नाही ते तुले मालूम हाय. म्हनूनच दुसऱ्या कोनाले नाही, मले पाठवून राहिला.

शालिकराम : व्हय.

धोंडबा : ...फोन लाव. चालू ठेव. ताट पुढ्यात घे आन् खात खात सुई पाह्य. मी जातो.

(धोंडबा जिना चढून गच्चीवर जातो. शालिकराम खाली मीटरपुढे बसलेला. पुढचं बोलणं फोनवर.)

धोंडबा : हॅलो! आयकू येते का?

शालिकराम : फोनविना बी येऊन राहिलं. कान फुटन माहा. कुठं हायेस?

धोंडबा : दरवाजात. सांगतो एकएक. गच्ची रिकामी. पान्याची टाकी, झाकन लागलेलं. कपड्याची दोरी, दोरीवर दोन चिमटे. वहिनीचे कुरडयाचे पाट भिंतीले टेकून, तसेच हायेत. धूळ हाय सगळीकडं. पायाचे निशाण... एक मिनिट. माह्याच चपलेचे. दुसरे नाही.

शालिकराम : डिश?

धोंडबा : आपल्या जागेवर. नट टाइट. वायरचा जोड पक्का. पुढ्यात चार हात मोकळी जागा, कोनी नाही, काही नाही. पक्षी बी नाही.

शालिकराम : सुई एकवर हाय. आता तू पुढ्यात उभा राह्य. तपासून घेऊ.

धोंडबा : राहिलो.

शालिकराम : पाच. वाळकुंडा तो वाळकुंडाच. आता बाजूले हो.

धोंडबा : झालो. मी डिशच्या मांगं, टाकीले पाठ लावून उभा हाय. इथून हालत नाही.

शालिकराम : एक. मशीन ठीक हाय. किती वाजले तुह्या घड्याळात?

धोंडबा : दोन सतरा. माही घडी रेल्वेची हाय, माह्यावर धर.

शालिकराम : रस्ता दिसते का तिथून?

धोंडबा : पूरा दिसते. कोपऱ्यावरचं किराना दुकान, शटर अर्धं. एक पोरगी सायकलीवर. इतकं साफ दिसते हे मले मालूम नव्हतं. मानूस कोपऱ्यावर वळला का त्याचा शर्ट कोन्ता हाय ते बी दिसन.

शालिकराम : तिले दिसे. घरात पाय टाकला का म्हने, 'आज कॉलरले काय सांडवलं?' मी म्हनो, हिचे डोये हायेत का दुर्बीण. किती झाले?

धोंडबा : एकोणीस. जेवतो का नाही?

शालिकराम : ताट पुढ्यात हाय.

धोंडबा : ताट नाही इचारलं. घास इचारला.

शालिकराम : तू तिच्यावानी नको बोलू. सुई पाहू दे.

धोंडबा : दोन वीस.

शालिकराम : एकवरच हाय.

धोंडबा : म्हनलं ना. कोनी नाही इथं. तूच रोज—

शालिकराम : थांब. हालली. दोन. धोंडबा, तीन. चार. तू पुढ्यात गेला का?

धोंडबा : नाही.

शालिकराम : खरं सांग. टाकीले पाठ हाय तुही?

धोंडबा : हाय.

शालिकराम : पाच. तुह्या पाचच्या वर गेली बे. साडेपाच. सहा. ...ठिपक्यावर आली. बरोब्बर ठिपक्यावर, हालून नाही राहिली. काय दिसून राहिलं? बोल.

धोंडबा : ...

शालिकराम : धोंडबा. ओ धोंडबा. फोन कटला का?

धोंडबा : हाय. थांब.

शालिकराम : काय थांब? पाह्यलं का तू? पुढ्यात पाह्यलं का, डोयानं?

धोंडबा : पाहून राहिलो.

शालिकराम : मंग? भरली का रिकामी? माहा जीव नको घेऊ, एक शब्द हाय तुह्याकडं, बोलून टाक.

धोंडबा : शालिक...

शालिकराम : बोल.

धोंडबा : लाइन क्लिअर हाय. तू जाय.

शालिकराम : क्लिअर.

धोंडबा : व्हय. तू बॅग भर. दामिनीसंगं जाय. पन आंधी जेवून घे. गरम करून घे, थंडं नको खाऊ.

शालिकराम : बरं. भरतो. तू बोलला म्हनजे बोलला, मी आता पलटत नाही. दामिनी आली का मी दरवाजात हाय. सुई अजून ठिपक्यावर हाय, पन मरू दे सुई, यंत्र हाय, बिघडलं असन. ...धोंडबा, एक इचारू का?

धोंडबा : इचार.

शालिकराम : वर कोनी नाही, तं मंग तू एवढ्या हळू कावून बोलून राहिला?